वाऱ्याचा वाटा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो बेस्ट या डच गावातल्या आमच्या काकूंचा.

टेबलावर तळहात ठेवायचा, बोटं वाऱ्याच्या बाजूला वळवायची आणि हात तसाच तिरका ठेवून सरळ रेषेत सरकवायचा, हा विमान शिकवतानाचा त्यांचा पहिला धडा. "नाक इकडे, जाणं तिकडे. वाऱ्याशी भांडायचं नाही. त्याचा वाटा त्याला द्यायचा."

नवऱ्याच्या नोकरीमागून नेदरलँड्सला आलेल्या काकू इथे छोटी विमानं चालवायला शिकल्या, पुढे शिकवूही लागल्या. धावपट्टीवर मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "माझ्याकडे आमटी ओरपतोस तेव्हा काकू, आणि इथे मॅडम होय रे?"

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत 'समजलं का?' याला एकच उत्तर असे. तुमच्यापैकी अनेकांनी ते दिलं असेल. विमानातही मी मान डोलवायचो.

"मान नको. समजलेलं बोलून दाखव."

विमानाला वाट दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन लावलं की त्याच्या ओळखीचे टूं-टूं आवाज आधी ऐकायचे, ते जुळले तरच दिशा दाखवणाऱ्या सुईकडे बघायचं. "आधी नाव विचार बाबा," त्या म्हणायच्या.

वैमानिकाच्या परवान्याच्या परीक्षेआधी करावी लागणाऱ्या एकट्याच्या लांब फेरीत पश्चिमेचा वारा जोरात होता. विमान सावरण्याच्या नादात दुसऱ्या स्टेशनचे आवाज मी ऐकलेच नाहीत. सुई अजून जुनंच स्टेशन दाखवत होती आणि मी तिच्यामागे चाललो होतो. खाली कालवा दिसायला हवा होता. दिसत होतं एक अनोळखी गाव. 'मी कुठे आहे ते कळत नाही' हे रेडिओवर म्हणायला मला दहा मिनिटं लागली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे दिशा सांगितली.

उतरलो तेव्हा काकू कुंपणाला टेकून उभ्या होत्या. हल्ली त्या लवकर थकत.

"कशी झाली?"

"छान झाली, काकू."

त्यांनी माझ्या उड्डाणांच्या वहीत सही केली.

नंतर त्यांनी कोणाच्याच वहीत सही केली नाही. आजार वाढला आणि मुलीने त्यांना आर्नहेमला नेलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी तिथे पत्र पाठवलं:

"ती. काकूंना सा. न.

त्या दिवशी मी वाट चुकलो होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा लपवलं. तुम्ही सही करत होतात आणि मी बघत उभा राहिलो. ती फेरी मी परीक्षेसाठी धरलेली नाही. रविवारी नव्या शिक्षकांना सगळं सांगून पुन्हा केली. कालवा सापडला."