दाढ नव्हे, कानापुढचा सांधा

दातवाल्यानं वहिनीची चांगली दाढ उपटली. ती चांगली होती हे आम्हाला नंतर कळलं. नव्वदीतली सुरत, गोडादऱ्यातलं आमचं घर. दादा लूमवर, वहिनी घरबसल्या साड्यांना फॉल लावायची आणि मी कामगारांची पत्रकं लिहायचे. दोषी कोण, ते पहिल्याच ओळीत सांगायचं ही माझी शिस्त.

दाढ गेली, दुखणं तिथंच. उजव्या कानात कळ, कानशिलात ठणका, तोंड उघडताना कट् असा आवाज. भाकरी दुधात कुस्करून खायची. दातवाल्यानं शेजारची दाढ काढायला शुक्रवारी बोलावलं, तशी मी पेटले. त्याच्याविरुद्ध पत्रक खरडून तिला वाचून दाखवलं.

"ननंदबाई, तुना कागद वाचीसन मन्हं दुखणं थांबी का वं?"

पत्रक बाजूला ठेवलं. गुरुवारी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी त्या शेजारच्या दाढेवर टकटक केलं. वहिनीला काही दुखलं नाही. मग बाहेरून गालात बोट रुतवलं, तशी किंचाळली, "हाईच! हाईच दाढ!"

"बेन, दाढ़ को तो मैंने छुआ ही नहीं."

मी आ वासून बघत होते. बाईंनी मलाही कानांपुढे बोटं ठेवायला लावली. "अब खोलो." तोंड उघडलं. बोटांखालचं हाड आधी जागच्या जागी फिरलं आणि मग चक्क पुढे सरकलं. मिटलं तसं परत जाऊन बसलं. एवढी भाषणं ठोकली या तोंडानं, आणि त्याची बिजागरी फिरता फिरता घसरते याचा मला पत्ता नाही! आत म्हणे कूर्चेची एक चकती असते, ती जागची हलली की कट्. चावायचे स्नायू थकले की कळ दाढेत नाहीतर कानात उमटते, दोन्ही धडधाकट असताना.

मग बाईंनी तिचं काम विचारलं. साड्यांना फॉल लावते म्हटल्यावर म्हणाल्या, "धागा किससे तोड़ती हो?"

वहिनी ओशाळली. दातांनी. दिवसभर, उजव्याच बाजूनं. कात्री उचलण्यात वेळ जातो ना! शिवाय काळजीत असली की दात आवळून बसायची, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

उपाय इतके साधे की मला खरंच वाटेना. गरम फडक्याचा शेक, मऊ जेवण, जांभई आवरायची, ओठ मिटलेले पण दात सुटे, धाग्याला कात्री. दाढ काढायची नाही.

दातवाल्यावरचा राग माझा आजही आहे. गालाला बोट लावून बघायला किती वेळ लागतो? आणि नगावर काम देणाऱ्यानं फॉल दिले, दोरा दिला, कात्री कधीच दिली नाही.

दुखणं उतरायला महिना गेला, कट् आवाज थोडा राहिलाच. पण त्या शुक्रवारी वहिनी दाढ काढायला गेली नाही. फॉल लावणाऱ्या शेजारणींना ओट्यावर बसवून तिनं सगळ्यांची बोटं कानांपुढे ठेवली. पाच बाया तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. बोटांखाली हाड सरकलं तशी त्यातली सगळ्यात म्हातारी थबकली आणि हलकेच म्हणाली,

"माय वं! हाई तं चालस!"