माझ्या वजनाचा फोर्क

आण्णा भाताच्या खाचरात बसलेते. बसलेते म्हणजे पडलेते, पण चिखलातनं उठायला तयार न्हवते. डावा हात छातीशी धरलेला. राधानगरी रोडच्या चढाला सायकलीचं पुढचं चाक घोड्यागत वर उचललं आणि आण्णा रस्ता सोडून खाली. सायकल मीच तयार केलती. मागनं लुनावर येताना मी "कसा फोर्क हाय, आण्णा!" म्हणून ओरडत हुतो. आण्णा दिसायचे बंद झाले तरी मी ओरडतच हुतो.

"आण्णा, हात कसा हाय?"

"हाताचं मागनं. आधी वर यायला हात दे. माझा उजवा धर, लेका, डावा वढू नकोस!"

मी डावाच वढलाता.

मी उचगावात सायकली दुरुस्त करतो. शिक्षण तिसरी. चौथीत मास्तरांनी आणि मी, दोघांनीबी नाद सोडला. आण्णा आमच्या गल्लीतले गुळाचे व्यापारी, अंगानं काडी. त्यांचं डावं मनगट एकदा मोडलंतं, आत स्टीलची पट्टी घातलेली. डॉक्टरनं सांगितलंतं, सायकल चालवा, पण हाताला हादरा बसता कामा न्हाय. बसला तर सायकल बंद. आणि आण्णांना दिवाळीत धाकट्या भावासंगं सायकलीनं धरणावर जायचं हुतं. ल्हानपणी दोघं डबलसीट गेलते. त्यानंतर भाऊ गेला अमेरिकेला आणि आण्णा गेले गुळात.

ही सायकल भावानंच तिकडनं पाठवली. नव्वद सालच्या आसपासची, डोंगरात चालवायची, टायटॅनियमची. टायटॅनियम म्हणजे लोखंडापेक्षा लई हलकं, आणि गंजत न्हाय. मला कुठलं म्हाईत! फ्रेम नुसती राखाडी. म्हटलं रंग उडाला असंल. आमच्यात ओव्हरहॉलिंग म्हटलं की पहिला रंग. मी तांबडा मारला, वर सोनेरी रेघा वढल्या. आठ दिवसांत रंग पापडागत सुटला. भाऊ फोनवर म्हणाला, "बाळू, त्या सायकलीला रंग कधी नव्हताच." मग दोन दिवस नखानं खरवडत बसलो. तरी ते सोपं काम हुतं.

अवघड हुता फोर्क. पुढच्या चाकाला दोन्हीकडनं धरतो त्यो फोर्क. आमच्यात त्येला चिमटा म्हणत्यात. ह्येच्या चिमट्यात सस्पेन्शन हुतं, म्हणजे खड्डा आला की चिमटाच दबतो, हाताला हादरा कमी बसतो. जुन्या फोर्कात त्यासाठी रबराचे तुकडे हुते. उघडून बघितलं तर रबराची काकवी झालेली. तसलं रबर आता मिळत न्हाय. म्हणजे फोर्क नवा बघायचा.

दोन मिळत हुते. बेळगावात एका जुन्या मालवाल्याकडं एक हुता, आखूड, आत स्प्रिंग, रंग गेलेला, आजारी शेळीगत. पुण्यात एक हुता, चकचकीत, हवेचा, चार इंच दबणारा. मी रातोरात... न्हाय, खोटं कशाला सांगू, पहाटेच्या यष्टीनं पुण्याला गेलो. मला दम धरवत न्हाय. वरची नळी फ्रेमच्या तोंडात बसती काय, येवढंच मोजलं. बाकी फोर्क उंच हुता, आणि उंच म्हणजे भारी, हे मला न शिकताच येत हुतं. पुढनं उठलेली सायकल गल्लीत उभी केली तर लोकं थांबून बघायला लागली. मी चहा पाजला सगळ्यांना.

मग आण्णा खाचरात.

गुळाच्या दुकानात वैनी, म्हणजे आण्णांच्या मिसेस, वाटच बघत हुत्या. मनगट सुजलंतं.

"बाळू, ह्येंचा हात गेला तर ढेपा तू उचलणार हायस काय?"

"उचलतो की, वैनी."

"तू नको उचलू. तू उचललंस की पडतंय."

डॉक्टरनं फोटो काढला. पट्टी जागेवर हुती. म्हणाला, तीन आठवडे आराम, आणि अजून एकदा असं झालं तर सायकल भंगारात घाला. वैनींनी भंगारवाल्याचं नाव तिथंच विचारलं.

आण्णांनी भावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"बाळू, फोर्कमध्ये हवा किती वजनाला भरली?"

"माझ्या."

 

"चालवणार कोण?"

"आण्णा."

मी तालमीतनं पळून आलेला माणूस, पण खाणं तालमीचंच ठेवलंय. माझ्याखाली फोर्क झकास दबत हुता. आण्णांखाली दगड. मग भावानं समजावलं. माणूस सायकलीवर बसला की फोर्क बसल्या जागी जरा दबला पायजे, पुरा दबतो त्याच्या साधारण पाचवा हिस्सा. तरच त्यो खड्ड्यात चाकाबरोबर वरखाली हुतो. न्हायतर सगळा हादरा मनगटात.

"मग हवा काढतो की. झालं!"

"थांब. जुन्या फोर्कची लांबी मोजलीस?"

मोजली न्हवती. मोजली. नवा दोन इंच उंच. फ्रेम जुन्या मापाला बनवलेली. तोंड वर गेलं की वजन मागं जातं, हँडल भरकटतं, चढाला चाक उचलतं. म्हणजे हवा काढून हात वाचला असता, पण खाचर चुकलं नसतं.

बेळगावला फोन केला. आजारी शेळी अजून हुती. लांबी जुन्याएवढीच. मालवाला म्हणाला, "स्प्रिंगा दोन हायत, कडक आणि मऊ. पावणं, बसणाऱ्याचं वजन सांगा."

"साठ असंल."

आण्णांनी फोन काढून घेतला. "असंल म्हणजे? मी ढेप काट्यावर घातल्याबिगर विकत न्हाय, आणि हा मला अंदाजानं विकतोय!"

गुळाच्या काट्यावर आण्णा उभे राहिले. मी वाकून आकडा वाचला. "एकाहत्तर!"

आण्णांनी खाली बघितलंच न्हाय. चाळीस वर्षं काट्यापाशी काढलेला माणूस.

"बाळू, पाय काढ."

माझा एक पाय काट्यावर हुता. काढला. छप्पन्न.

मऊ स्प्रिंग आली. बसवली. फोर्कच्या दांडीला एक रबर बांधलं, आण्णांना बसवलं, उतरवलं, रबर किती सरकलं ते बघितलं. पाचवा हिस्सा. तरी मी अकरा वेळा बसवलं-उतरवलं. बाराव्या वेळी आण्णा म्हणाले, "आता लग्नाला उभा करतोस काय?"

दिवाळीत दोघं भाऊ निघाले. मी लुनावर मागं, ह्या बारीला गप. त्याच चढाला आण्णा वाकले, चाक भुईला चिकटून राहिलं. वर जाऊन त्यांनी डावा हात सोडून माझ्याकडं हलवला. मी हात करायला गेलो आणि लुना खाचरात.

उंच फोर्क अजून दुकानात टांगलाय. त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालतो. गिऱ्हाईक कुणीबी येऊ दे, आधी त्येला वजन विचारतो, आणि सांगितलं तरी काट्यावर नेतो. उभं करताना आपले दोन्ही पाय भुईवर हायत काय, ते पहिलं बघतो.