गार झालेला सात नंबर

नाकिटेंडेला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. जुळ्यांची आई म्हणून ती नालोंगो, आणि तिचा नवरा सालोंगो. लग्न असो की मयत, मातोकेची कच्ची केळी सोलून, पानात बांधून वाफेवर शिजवून गोळा करायला बायका तिलाच बोलावतात. नालोंगोने चांगलं म्हटलं की ते चांगलं.

करपा रोगाने तिची केळीची निम्मी बाग मारली, तेव्हा संशोधन केंद्राने त्या मोकळ्या जागेत करप्याला दाद न देणाऱ्या नव्या जाती लावून पाहिल्या. जातींना नावं नव्हती, नुसते नंबर. मोजमापाला सेबागाला नावाचा हसरा तरुण यायचा. टेपचं दुसरं टोक जुळ्यांतली थोरली, बाबिर्ये, धरायची. ती टेप लग्नाच्या मांडवापर्यंत गेली.

तिथेच पंचाईत झाली. त्यांच्या बुगांडा मुलखात सासू जावयाच्या नजरेला पडत नाही, त्याच्याशी थेट बोलतही नाही. त्यामुळे सेबागालाची मोटरसायकल वाजली की नालोंगो स्वयंपाकघरात गडप, आणि सगळी विचारपूस सालोंगोच्या तोंडून.

मागच्या हंगामात जावयाने असंच विचारलं होतं, "सात नंबर खायला कसा लागला?" सात नंबर त्याने स्वतः बी रुजवण्यापासून वाढवलेला, त्याचा अगदी लाडका. घड हा एवढा थोरला. गरम असताना झकास, पण गार झाला की चपलेच्या तळासारखा. सकाळचं उरलेलं दुपारी पोरांनी तोंडातही घेतलं नव्हतं. पण जावयाचं वाईट कसं म्हणायचं? नालोंगोने "छान" म्हणून निरोप धाडला.

आता बाबिर्ये माहेरी आली ती बातमी घेऊनच.

"आई, पुढच्या पावसाला सात नंबरचे मुनवे लावायला गावभर वाटणार. तू छान म्हणालीस म्हणून ठरलं."

नालोंगोने हातातला घास खाली ठेवला. घराघरांत तो गार गोळा, आणि त्यावर तिचं नाव.

"तुम्ही सांगा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? छान म्हणालीस तू. मी नुसता पोस्टमन."

जावई जेवायला आला त्या दिवशी तिने सात नंबर भल्या सकाळीच शिजवून पानातून उघडा करून ठेवला. सालोंगोला बजावलं, "पाऊस, बकऱ्या, राजकारण, काय वाटेल ते बोला, पण तासभर बसवून ठेवा." मग शेंगदाण्याच्या कढत कालवणासोबत ताट बाहेर गेलं.

सेबागालाने एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"बाबा, हे काय आहे?"

सालोंगोला एकदम खोकला आला.

स्वयंपाकघराच्या कुडाच्या आड शेळी बांधलेली होती. नालोंगो तिच्याकडे तोंड करून म्हणाली, "ऐक गं शेळे. हा सात नंबर. गरम खाल्ला तर राजा. पण शेतावर डबा न्यायचा तर दात घरी ठेवून जावं लागेल."

  अंगणात जावयाने कुडाकडे मान वळवली.

"शेळीबाई," तो म्हणाला, "मग मागच्या खेपेला छान कशाला म्हणालात?"

"नवा जावई. पहिल्याच वर्षी नाव कसं ठेवणार?"

"त्यापायी मी गावाला चपला खाऊ घालणार होतो." हसायचं नाही असं ठरवूनही त्याला हसू आलं. "बरं, चार नंबर? त्याचा घड लहान भरतो."

"लहान भरतो खरा. पण रात्रीचा सकाळीसुद्धा मऊ. गावाला तोच द्या."

सेबागालाने ताटाकडे पाहून एक लांब सुस्कारा टाकला. मग उरलेला गोळा पानात बांधायला घेतला. "माझं ऐकणार नाहीत. केंद्रातल्या साहेबांनाच चाखवतो."

"शेळे, त्यांना सांग," कुडाआडून आवाज आला, "वाटेत गरम करू देऊ नका म्हणावं."