श्री. हेनी यांचा निवडुंग

सामंत मास्तर झोपेत कूस बदलत नसत. सुकवायला आणलेली झाडं ते वर्तमानपत्राच्या घडीत घालून स्वतःच्याच गादीखाली ठेवत आणि वर उताणे, ओंडक्यासारखे पडून राहत. "कूस बदललंय काय पान मोडला," म्हणत. कट्टा गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. त्यांची हौस एकच होती. पुण्याच्या वनस्पती-संग्रहात वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून ठेवतात, तशा एखाद्या कागदाखाली 'गोळा करणारे' म्हणून आपलं नाव यावं.

सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात त्यांना तोंडवलीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, एक रानटी निवडुंग दिसला. असला निवडुंग वाळवंटाकडचा, आपल्याकडे नसतो, असं त्यांचं म्हणणं. फांदी तोडताना चीक हाताला लागला आणि तोच हात आनंदाने डोळ्याला. पुढे कितीतरी दिवस ते डोळ्याला फडकं बांधून शिकवत होते.

काटे गादीखाली घालायला वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, साफ नकार दिला. तेव्हा मास्तरांनी फांदी दोन फळ्यांत दाबली आणि वर वहिनींचा पाटा ठेवला. वाटपाचा पाटाच गेल्यावर मालवणी घरात राहतं काय? महिनाभर वहिनी खोबरं वाटायला शेजारी जात होत्या आणि निवडुंगाला शिव्या देत होत्या.

महिन्याने फळ्या उघडल्या तर फांदीला नवी हिरवी पानं फुटलेली. मास्तरांनी ती मला दाखवली.

"माका वाटला निवडुंग मेलो," ते मला म्हणाले. "हो तर बाळात झालो."

असली झाडं आधी उकळत्या पाण्यात बुडवतात, हे त्यांना पुस्तकात नंतर सापडलं. चुलीवर पाणी ठेवलं. पाणी खळखळायला लागलं तरी मास्तर फांदी हातात धरून उभेच. शेवटी वहिनी म्हणाल्या, "महिनोभर माज्या पाट्याखाली जगलो, तेका आता कढयतास?" त्यांनी फांदी घेतली, कुंपणाला लावली आणि त्याच पाण्यात भात टाकला.

बघता बघता कुंपण निवडुंगाने भरलं. मास्तर पुण्याचं नाव काढीनासे झाले.

पुढे काही वर्षांनी मी पुण्याला गेलो असताना मुद्दाम तो संग्रह बघायला गेलो. एका कागदावर तोच निवडुंग. खाली इंग्रजीत लिहिलेलं: गोळा करणारे, श्री. हेनी, कट्टा.

परत येऊन सांगितल्यावर वहिनींना आठवलं. एकदा मास्तर शाळेत असताना पुण्याचे कुणी साहेब आले होते. कुंपण बघून खूश झाले, फांदी मागितली आणि हे झाड पहिल्यांदा कोणी आणलं म्हणून विचारलं. वहिनी नवऱ्याचं नाव कसं घेणार? त्या म्हणाल्या, "हेनी," म्हणजे आमच्या बोलीत 'ह्यांनी'. साहेबांनी आडनावही विचारलं, पण वहिनी लाजून आत गेल्या. कोणी ख्रिस्ती गृहस्थ असेल, असं समजून साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं असणार.

मास्तर हसून हसून खाटेवर आडवे झाले. मी म्हटलं, दुरुस्तीसाठी पुण्याला लिहितो. त्यांनी डोळे पुसले.

"रवांदे रे," म्हणाले. "लग्नापासून माका ह्या घरात ह्याच नाव आसा."