चंद्रासाठी टांगलेला पाळणा

चंद्र सोडून बाकी सगळं टेंपोत भरून झालं तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. कॅमेरा, त्याची तिवई, उजेड परतवायला चांदीचा कागद चिकटवलेले फळे, बाळाची दुपटी, पावडरीचे डबे, सगळं होतं. चंद्र मात्र मुंबईतच राहणार होता. एका थंडगार खोलीत नवा कॉम्प्युटर आला होता, त्याच्यावर तो काढायचा होता. आम्ही कर्जतकडच्या एका गावात जाऊन त्याच्यासाठी पाळणा तेवढा चित्रित करून आणायचा. पाळणा हलतोय, आकाशातून चंद्र उतरतो आणि पाळण्यात शिरतो, मग पावडरीचा डबा. अशी ती जाहिरात.

टीव्ही रंगीत होऊन थोडीच वर्षं झाली होती, त्यामुळे असलं काही दाखवलं की लोक जेवणाचं ताट सोडून बघायचे. माझं काम कंटिन्युइटीचं, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता हे ध्यानात ठेवायचं. शूटिंगला असते म्हटल्यावर लोक मला मान देतात आणि तिथे काय करते ते कळलं की परत घेतात.

पनवेल मागे पडलं तशी हवा बदलली. भात कापून झालं होतं, खळ्यांवर पेंढ्याचे ढीग उभे होते. चौकच्या अलीकडे इर्शाळगड दिसला. त्याच्या नेढ्यातून (कड्याला आरपार पडलेलं भोक) आभाळाचा तुकडा डोकावत होता. आमचा कॅमेरामन फर्नांडिस म्हणाला की देवानं हा इफेक्ट फुकटात केलाय, आपण उगाच खर्चात पडतोय. दिग्दर्शक हसले नाहीत. खर्चाचा विषय निघाला की ते हसत नसत.

चौकला कर्जतचा फाटा आहे. आम्ही मोटारीतून वळलो, चहा घेतला, आणि टेंपोची वाट बघत बसलो. टेंपो आलाच नाही. टेंपोवाला फाटा विसरून सरळ खालापूरला पोचला होता. आम्ही मोटार उलटी फिरवून तिकडे गेलो, तर हा पठ्ठ्या कचेरीसमोरच्या झाडाखाली, दाखले काढायला आलेल्या माणसांच्या रांगेशेजारी ढाराढूर झोपलेला. उठल्यावर तो आमच्यावरच रागावला, तुम्ही कुठे हरवलात म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा! पण त्या निमित्तानं खालापूरच्या स्टँडवर गरम भजी मिळाली, आणि भजी मिळाली की माझा राग फार टिकत नाही.

कर्जत ओलांडून उल्हास नदीच्या कडेनं आत गेलं की ते गाव. घर आमच्या कलादिग्दर्शकानं आधीच हेरून ठेवलं होतं. शेणानं सारवलेली लांबलचक पडवी, समोर कापणी झालेल्या शेतांत हिरवे वाल, आणि त्यामागे माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला. घरात तिघं होती. म्हातारी ताराबाई, तिचा मुलगा, तो रसायनीच्या कारखान्यात पाळीवर गेला होता, आणि सून यमुना. यमुना पस्तिशीची असेल. अंगानं बारीक, नऊवारी घट्ट नेसलेली, हातात हिरव्या बांगड्या गच्च भरलेल्या.

पाळणा त्याच घरातला होता, माळ्यावर ठेवलेला. ताराबाईचा मुलगा त्यात वाढला होता. मुलाच्या लग्नात तिनं तो खाली काढून, तेलपाणी करून, परत वर ठेवला होता. त्यानंतर तो खाली काढायची वेळच आली नव्हती, आता आमच्यासाठी पडवीत टांगला होता तेवढंच. वेळ आली नव्हती हे मला कुणी सांगितलं नाही. कड्या स्वच्छ होत्या आणि घरात मूल नव्हतं, एवढं पुरेसं होतं.

दुपारी आम्ही मुंबईची मंडळी सावलीत बसलो आणि यमुनेनं वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची रसाची भाजी), सुकटीची चटणी. मी तीन माणसांचं जेवले असेन. बायका जमल्या की जो प्रश्न येतो तो आलाच. शेजारच्या एकीनं विचारलं, पोरं किती? प्रवासात या प्रश्नाला मी सहसा हसून टाळते. पण त्या पडवीत त्या पाळण्याखाली बसून मला टाळता आलं नाही. नाहीत, म्हटलं. यमुनेनं न विचारता माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.

मग काम सुरू झालं. असल्या शॉटची एक शिस्त असते. कॅमेरा एकदा रोवला की तो तसूभरही हलता कामा नये, कारण त्याच चौकटीत नंतर चंद्र बसवायचा असतो. पाळणा हलतानाचा एक शॉट, मग पाळणा, दोरी, माणसं सगळं बाजूला करून त्याच चौकटीचा एक रिकामा शॉट. फर्नांडिसनं तिवईचे पाय मातीत पुरले, वर दगड ठेवले आणि ओल्या शेणानं लिंपून टाकले. ते करताना तो नाक मुरडत होता, पण तो शेण कसं लावतो ते बघून ताराबाईनं दोनदा त्याच्या हातावर चापट मारली, तेव्हा सुधारला. एक कोंबडी सारखी चौकटीत यायची. तिला शेवटी टोपलीखाली झाकलं.

सगळं जमलं आणि दिग्दर्शक म्हणाले, हलवा पाळणा. कुणीच हललं नाही.

ताराबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, एवढंच ती म्हणाली. दिग्दर्शकांनी समजावलं की तो रिकामा नाही, त्यात चंद्र आहे. म्हातारीनं पाळण्यात डोकावून बघितलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. माझ्या आईनंही मला लहानपणी यासाठी धपाटा घातला होता, त्यामुळे मी कुणाच्या बाजूनं होते ते सांगायला नको. शिवाय अडचण खरीच होती. रिकामा पाळणा हलका हलतो, हेलकावे कसेही खातो. आत काहीतरी आहे असं मुळीच वाटलं नसतं.

तोडगा ताराबाईनंच काढला. तिनं स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, धुतला, पुसला, आणि आमच्या दुपट्यांतलं एक त्याला गुंडाळलं. बारशाला बाळाच्या आधी असा गोप्या (बाळ म्हणून नटवलेला वरवंटा) पाळण्यात घालतात, हे शहरातल्या आम्हालाही ठाऊक होतं. पण जाहिरातीच्या शूटिंगला त्याचा उपयोग होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कडेनं तो दिसणार नव्हता आणि पाळण्याला वजन येणार होतं. दिग्दर्शक खूश झाले.

आता दोरी ओढायला हात हवा होता. मुंबईहून हातासाठी आणलेल्या मुलीची नखं लांब आणि गुलाबी. पडवीच्या उजेडात ती फारच मुंबईची दिसली. दिग्दर्शकांची नजर फिरत फिरत यमुनेच्या बांगड्यांवर थांबली. या बाईंचा हात घेऊ, ते म्हणाले.

यमुना दोन पावलं मागे सरली. तिनं हात पदराखाली घेतले.

"माजा नको," ती म्हणाली. "दुसरी कुनाची बगा. शेजारनीला चार पोरं हायत."

दिग्दर्शकांना कळेना. मला कळलं. गावातल्या बारशांना ती जात असणार, घुगऱ्या वाटत असणार, भांडी घासत असणार. पण गोप्या घ्यायला, पाळण्याच्या दोरीला हात लावायला कुणी तिला पुढे केलं नसणार. आमच्या सोसायटीत वेगळं काही होत नाही. मला डोहाळजेवणाचं बोलावणं येतं ते शेवटच्या दिवशी, आणि ओटी भरताना मला कुणीतरी गोडीत स्वयंपाकघरात पाठवतं. तेव्हा मला वाटलं, आता सासू बरं झालं म्हणेल आणि शेजारणीला बोलावेल. माझ्या तोंडात म्हातारीला सुनवायचं वाक्य तयारही झालं होतं.

ताराबाई गोप्या हातात घेऊन उभी होती. तिनं सुनेकडे बराच वेळ पाहिलं.

"इकडं ये गं," ती म्हणाली. "पाळना माज्या घरचा हाय. हात कुनाचा लावायचा ते मी सांगनार. घे याला."

यमुना येईना. म्हातारी स्वतःच गेली, तिचे हात पदराखालून ओढून काढले आणि गोप्या तिच्या ओंजळीत दिला.

"एकदा तरी ठेव तुज्या हातानं," ती म्हणाली, आणि घरात निघून गेली. शॉट संपेपर्यंत ती बाहेर आली नाही.

यमुनेनं गोप्या पाळण्यात ठेवला. दगडच तो, पण ठेवताना तिनं डोक्याच्या बाजूला हात धरला होता. मग ती खाली बसली आणि दोरी ओढली. पाळणा वजनानं, संथ हलू लागला. जाहिरातीला आवाज नंतर जोडायचा होता, त्यामुळे ध्वनिमुद्रण नव्हतं. ती काहीतरी गुणगुणत होती ते आमच्यापुरतंच राहिलं. हवं तेवढं मिळालं तरी दिग्दर्शक कट म्हणाले नाहीत. फिल्म किती महाग असते याची एरवी उठता बसता आठवण देणारे हे गृहस्थ! फर्नांडिसही कॅमेऱ्यावरून डोळा न काढता बसून होता. रीळ संपून कॅमेरा खडखडला तेव्हाच ती थांबली. मी माझ्या कागदावर काय लिहिलं ते नंतर मला वाचता आलं नाही.

रिकाम्या चौकटीचा शॉट झाला. आवराआवर चालू असताना यमुना माझ्यापाशी आली. टीव्हीवर काय दिसणार ते तिनं विचारलं. मी चंद्राचं सांगितलं, आणि तिचा हात, बांगड्या, दोरी, सगळं दिसेल असंही सांगितलं.

"चांदच कशाला ताई? त्या मशिनीला बाळ नाय काढता येत?"

मी म्हटलं, अजून नाही. त्याला गोल वस्तू जमतात. चेंडू, चंद्र, फार तर चांदणी. बाळ फार अवघड असतं.

"मंजे त्यालाबी नाय होत," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. मग आम्ही दोघी हसायच्या थांबलो आणि तशाच उभ्या राहिलो, कारण दोघींनाही रडायचं नव्हतं.

जाहिरात उन्हाळ्यात लागली. चंद्र सुरेख उतरला. पण पावडरच्या कंपनीतल्या कुणाला तरी वाटलं की पाळणा आपोआप हलावा, म्हणजे जादू जास्त वाटेल. मग चित्र मोठं करून कडा कापल्या. त्या कडांबरोबर दोरी गेली, बांगड्या गेल्या, हात गेला. मी सोफ्यावर बसून ते बघितलं आणि दिग्दर्शकांना फोन करून भांडले. ते म्हणाले, त्यांनाही वाईट वाटलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण त्या बाईला मी शब्द दिला होता. तिच्या गावात टीव्ही होता, तिनं चार बायकांना गोळा करून बसवलं असणार, आणि पडद्यावर तिचा मागमूस नाही. हे मला सहन होईना.

म्हणून पावसाळा सरल्यावर मी एकटीच एसटीनं गेले. चौकला बस बदलली. काय सांगायचं त्याची वाटभर उजळणी केली. पडवीत पाऊल ठेवलं आणि आधी पाळणा दिसला. तो तिथेच टांगलेला होता. माळ्यावर परत ठेवलाच नव्हता. आत डोकावले तर काठोकाठ वाल, पेरणीसाठी राखलेले. रिकामा ठेवायचा नाय म्हणून, ताराबाईनं सांगितलं, आणि चहा टाकायला गेली.

मी यमुनेला जाहिरातीचं सांगू लागले, माफी मागू लागले. तिनं मला मधेच थांबवलं. तिनं बघितली होती. सगळ्या गावानं बघितली होती.

"हात नाय दिसला," ती म्हणाली. "पन पाळना हालला नं? तो कुनाच्या हातानं हालला, ते मला ठावं हाय. कापायचं ते कापू दे त्यांना."

मग ती जरा सरकली आणि दोरी माझ्यापुढे धरली.

"वढा की ताई. कोन बगत नाय हितं."

मी ओढली. पाळणा जड होता. दोरी हातातून मागे ओढ घ्यायची आणि मी ती पुन्हा पुढे घ्यायचे. मला वाटलं होतं, लाज वाटेल. नाही वाटली. चहा निवला तरी मी ओढत होते आणि यमुना शेजारी बसून भाजी निवडत होती.

संध्याकाळी घरी पोचले. नवऱ्यानं विचारलं, सांगितलंस का तिला? मी म्हटलं, तिला माहीत होतं. तो बरं म्हणून वर्तमानपत्राकडे वळला. आमच्याकडे पाळण्याचा विषय नेहमी इथेच संपतो. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळून घेण्यासाठी तो इथेच संपवत आणला होता. मी त्याच्या हातातला पेपर बाजूला केला आणि म्हणाले, "मला मूल हवं होतं रे. अजून हवं वाटतं." त्यानं माझ्याकडे बघितलं. मलाही, तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही टीव्ही लावलाच नाही.