खाली म्हणजे मराठीत

भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये, एक काळ असा होता की अच्युत घटाटेचं नाव कुणी सुटं घेत नसे. हेमंत-अच्युत. किराणावाल्यापासून ट्यूशनच्या सरांपर्यंत सगळे ते एका दमात म्हणत, जणू दोघांना मिळून एकच रेशनकार्ड दिलेलं होतं. अच्युतचे वडील नागपूरकडचे, हेमंतचे ग्वाल्हेरचे, दोघंही कारखान्यात. पोरांची दोस्ती मात्र जमली ती बाजारातल्या कॉम्प्युटर पार्लरात, बंदुकांच्या एका गेमपायी. दोन-दोनची टोळी, तीन मजली पडकं गोदाम, शेवटी जो उभा राहील तो जिंकला. अच्युत वरच्या खिडकीतून टेहळणी करायचा, हेमंत जिन्यावरून घुसायचा. बारावीचे मार्क सोडले तर त्या दोघांनी त्या वर्षी काहीही गमावलं नाही.

नाही, एकदा गमावलं. जवाहर चौकातल्या पार्लरात तुलसी नगरच्या पोरांबरोबर फायनल होती. वल्लभ भवनातल्या, म्हणजे सचिवालयातल्या, बाबू लोकांची पोरं ती, कंपासपेटीसुद्धा फाइलसारखी बांधून आणणारी. अच्युतला वरून दिसलं की दोघंही खालच्या मजल्यावर दबा धरून बसलेत. तो ओरडला, "खाली, खाली!" हेमंतच्या घरचं मराठी निम्मं हिंदीत भिजलेलं. त्याने ऐकलं, खाली है, म्हणजे मजला रिकामा आहे. गडी शीळ घालत उतरला आणि दोन्ही बाजूंनी गोळ्या खाऊन पडला.

परतताना सायकलींवर दोघंही तोंड शिवून होते. गोविंदपुऱ्यात हेमंतच्या सायकलची चेन उतरली म्हणून थांबावं लागलं, आणि काळ्या हातांनीच तिथे तह झाला.

"खाली म्हणजे मराठीत," अच्युत म्हणाला. "रिकामं असलं तर मी रिकामं म्हणीन."

"लिहून दे," हेमंत म्हणाला, आणि हात अच्युतच्या पांढऱ्या शर्टाला पुसले.

त्यानंतर ते कधी हरले नाहीत. मग हेमंत पुण्याला गेला, पार्लरच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, अच्युत वडिलांच्याच कारखान्यात लागला. मोठाल्या कॉइलींवर टेप गुंडाळायचं काम. एक पदर दुसऱ्यावर अर्धा चढला पाहिजे, सुरकुती चालत नाही. लग्न झालं, मुलगी झाली, बरखेड्यात क्वार्टर मिळालं. बावीस वर्षं त्याने गेमचं नावही काढलं नाही, आणि आठवण आली तर ती पोरवयातल्या मुरुमांसारखी, गेली ते बरं झालं अशी.

मग मुलीच्या अभ्यासासाठी घरात कॉम्प्युटर आला. त्याच आठवड्यात हेमंतचा फोन.

"अच्च्या, तोच गेम नवा होऊन आलाय. रविवारी सकाळी बस. गणपतीतल्या दुसऱ्या रविवारी वसाहतीच्या जुन्या पोरांची स्पर्धा आहे. जोड्यांची. तुलसी नगरवाले पण आहेत, टकले झालेत सगळे."

अच्युतने मोठ्या माणसासारखे आढेवेढे घेतले, वेळ कुठाय, डोळे कुठायत. फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, "विजया, मुलीचे हेडफोन कुठे ठेवलेत?" हेडफोन गुलाबी होते आणि त्यांना मांजराचे कान होते. ते घालून, चाळिशीचा चष्मा नाकावर चढवून, मनगटाला गरम पट्टा बांधून अच्युत घटाटे बावीस वर्षांनी गोदामात शिरला आणि पहिल्या अकरा सेकंदांत मेला.

ते चालून गेलं असतं. न चाललेली गोष्ट पुढे होती. हेडफोनात तिसराच आवाज आला.

"दादा, नमस्कार! मी दत्तू. टेन्शन नका घेऊ, मी कव्हर देतो."

हा दत्तू उज्जैनचा, सत्तावीस वर्षांचा, कारखान्यात नुकताच इंजिनीअर म्हणून लागलेला. आणि त्याला राहायला मिळालेलं क्वार्टर कुठलं, तर पिपलानीतलं, हेमंतचे आईवडील जिथे राहायचे तेच. मागच्या दाराच्या चौकटीवर खिळ्याने कोरलेलं होतं, 'हे + अ'. दत्तूला वाटलं, जुनी प्रेमकहाणी. त्याने फोटो काढून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला, 'या हेमा आणि अजयचं पुढे काय झालं, कुणाला माहीत आहे का?' हेमंतने पुण्याहून हसत उत्तर दिलं, आणि तेव्हापासून हे दोघं सहा महिने दर रविवारी एकत्र खेळत होते. सहा महिने! अच्युतला फोन आत्ता.

"छान आहे मुलगा," हेमंत म्हणाला. "अगदी तुझ्यासारखा वरून बघतो."

अच्युतने मनगटाचा पट्टा करकचून आवळला.

पुढच्या रविवारपर्यंत त्याची अवस्था घरात लपून राहिली नाही. दत्तूच्या नेमबाजीचं कौतुक झालं की तो म्हणायचा, "नवीन माउस आहे त्याचा." दत्तूने कुणाला वाचवलं की म्हणायचा, "नशीब." दत्तू चुकला की मात्र काही म्हणायचा नाही, नुसता चहा मागायचा, दोन साखरेचा.

"दत्तू म्हणताना तुमचं तोंड कारल्यासारखं का होतं?" विजयाने विचारलं. ती इंदूरची, बोलायला मोकळी.

"काहीही काय."

"माझ्या मावशीची सवत होती, तिला बघून मावशी अस्संच करायची. फक्त तिच्या डोक्यावर मांजराचे कान नव्हते."

सगळं अडलं होतं ते स्पर्धेपाशी. जोडी दोघांची, हेमंतबरोबर एकच जण बसणार. हेमंतला कुणालाच नाही म्हणता येईना. शेवटी त्याने तोडगा काढला. स्पर्धेच्या आदल्या रविवारी तिघांनी मिळून तुलसी नगरवाल्यांशी सराव सामना खेळायचा, तिघांविरुद्ध तिघं. अच्युत आणि दत्तू यांच्यात जो शेवटपर्यंत उभा राहील, तो जोडीत.

दत्तूने लगेच अच्युतला फोन लावला. "दादा, तुमच्या दोघांचे काही कोड होते ना? हेमंतभैया सारखे सांगतात. मला शिकवा ना. निदान सरावात तरी तुमची पंचाईत नको."

आता एवढ्या अदबीने कुणी विचारलं तर रागावायचं तरी कसं? अच्युतने चार संध्याकाळी त्याला शिकवलं. डावीकडच्या खांबाला 'बिजलीवाला', मोडक्या ट्रकला 'मामाची गाडी', दम धर म्हणायचं असलं की 'चाय'. दत्तू वहीत उतरवून घ्यायचा. मनापासून शिकवलं अच्युतने. कारखान्याची सवयच तशी. पाळी संपताना पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा, मशीन कुठे अडतं, कुठली कॉइल अर्धी आहे, सगळं रजिस्टरात लिहून सही करायची. काही सांगायचं राहिलं आणि पुढच्या माणसाचा हात सापडला, तर मागच्याला कारखान्यात कुणी चहाला विचारत नाही.

चारही संध्याकाळी एक शब्द मात्र त्याच्या ओठांपर्यंत येऊन परत गेला.

रविवारी सामना रंगला. हेमंत सुरुवातीलाच पडला, पण जाता जाता तुलसी नगरचा एक घेऊन गेला. उरले समोर दोन, इकडे दोन. अच्युत वरच्या खिडकीत, दत्तू मधल्या मजल्यावर जिन्यापाशी. अच्युतला खिडकीतून दिसलं, दोघंही तळमजल्यात शिरले आणि दाराच्या दोन बाजूंना बसले. बावीस वर्षांपूर्वीचीच जागा. टकलं पडली तरी अक्कल तीच.

"दादा, क्या सीन है?" दत्तूने विचारलं.

'खालच्या मजल्यावर दोघं आहेत' असं म्हणायला किती वेळ लागतो? अच्युतला वेळ होता. त्याने श्वासही घेतला. मग म्हणाला, "खाली."

"ओके, खाली है!" दत्तू खुशीत म्हणाला, आणि धडधडत जिना उतरला.

गोळ्या सुटल्या. दत्तूला टिपायला दोघं आडोशातून बाहेर आले, आणि अच्युतने वरून, एकही सुरकुती न पडू देता, एकामागून एक दोघांना झोपवलं. मैदानात एकटा उभा होता तो. स्क्रीनवर सोनेरी अक्षरं नाचली. तुलसी नगरवाल्यांनीही वाहवा केली.

"दादा, सॉरी," दत्तू म्हणाला. "माझीच चूक. घरी आम्ही मिक्स बोलतो ना, मराठी कच्चं आहे माझं. तुम्ही बरोबर सांगितलं होतं. जोडी तुमचीच!" आणि तो निघून गेला.

हेमंत थांबला होता.

"अच्च्या, कुठल्या भाषेत म्हणालास?"

"मराठीत. नियमच आहे ना आपला."

"आपला आहे. त्याचा आहे का? तू शिकवत होतास ना त्याला?"

"शिकवलं की. हे एक राहिलं."

"राहिलं, की ठेवलंस?"

अच्युतने मांजराचे कान काढून हातात घेतले, पुन्हा घातले. "ठेवलं," तो म्हणाला.

"हं," हेमंत म्हणाला. "शब्द दिलाय मी, शेवटी उभा राहील तो. तू उभा राहिलास. पुढच्या रविवारी ये." भांडला असता तर बरं झालं असतं. गोविंदपुऱ्यात निदान शर्टाला हात तरी पुसले होते.

सोमवारी पाळी संपताना अच्युतने चार्ज लिहिला. कॉइल क्रमांक सात, तिसऱ्या पदराला टेप सैल, हात लावू नये. सही केली. पुढच्या माणसाने न वाचताच विचारलं, "और कुछ, घटाटेजी?" रोजचाच प्रश्न. अच्युत म्हणाला, "हां, एक बाकी है," आणि त्या बिचाऱ्याला तसंच बुचकळ्यात टाकून स्कूटर काढून पिपलानीला गेला.

दत्तूने मागचंच दार उघडलं. चौकटीवर 'हे + अ' होतं. दत्तूने त्यावर रंग चढू दिला नव्हता. बाकी चौकट नवी निळी, तेवढाच तुकडा जुना. हे बघून अच्युतला जास्तच कसंतरी झालं.

"खाली म्हणजे मराठीत," तो दारातच म्हणाला.

"काय?"

"आमचा नियम. खाली म्हणजे खालच्या बाजूला. रिकामं असलं तर रिकामं म्हणायचं. लिहून घे वहीत."

दत्तूचा चेहरा उजळला. "असं होय! मला वाटलं मीच ढ. विसरलात होय सांगायला?"

"विसरलो नव्हतो."

दत्तू कान खाजवत म्हणाला, "दादा, पहिल्या रविवारी तुम्ही बॉम्ब मागितला होता ना, मी म्हटलं संपले? दोन होते माझ्याकडे."

"का बे?"

"काय करणार! हेमंतभैया सहा महिने नुसतं अच्च्या असं करायचा, अच्च्या तसं करायचा. कान पिकले माझे. शेवटी एकदा म्हटलं, मरू दे अच्च्याला."

अच्युतला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. "रविवारी तू बस जोडीत," तो म्हणाला. "मी हेमंतला सांगतो. मनगट दुखतंय माझं." मनगट ठणठणीत होतं.

स्पर्धेच्या सकाळी तो कॉम्प्युटरसमोर बसला, पण प्रेक्षक म्हणून. विजयाने समोर परात ठेवली. "नुसतं बघायचंय ना? मग गवार मोडा. आरतीला माणसं यायचीत." डोक्यावर मांजराचे कान घालून अच्युत गवार मोडत फायनल बघू लागला. समोर तुलसी नगर. दत्तू जिन्यावर, हेमंत वरच्या खिडकीत. हेमंत, जो आयुष्यात कधी वर बसला नाही! अच्युतने दातओठ खाल्ले. याला टेहळणी येते कुठे?

येत होती. तुलसी नगरचा शेवटचा गडी तळमजल्यात सरकला आणि हेमंत बेभान होऊन ओरडला, "अच्च्या, खाली!"

दत्तू क्षणभरही अडला नाही. जिन्यावर बैठक मारून त्याने कठड्यातून खाली नेम धरला आणि गडी टिपला. हेडफोनात एकच गिल्ला झाला. आपण काय नाव घेतलं हे हेमंतच्या गावीही नव्हतं. दत्तूच्याही नाही.

अच्युतच्या हातातल्या शेंगेचे नको तितके तुकडे झाले.

"काय झालं?" विजयाने विचारलं. "हरले?"

"जिंकले."

"मग तोंड का असं?"

"हेमंतने मला हाक मारली."

"मग ओ द्यायची ना."

अच्युतने परातीतले बारीक तुकडे बोटाने वेचले. "दुसऱ्याने दिली," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कारल्याच्या तोंडानेच, "बरोबर दिली."