बारा पेट्या मासोऱ्या

ठाणेदारकीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो. खून विसरलो, दरोडे विसरलो. पण गोंदियाच्या त्या बारा पेट्या काही केल्या डोक्यातून जात नाहीत. लोक माझ्याकडून शौर्याच्या गोष्टी ऐकायला येतात. ही त्यातली नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि आम्ही सगळे जुन्या मध्य प्रदेशात. धान्याची टंचाई होती. परवान्याशिवाय शेरभर तांदूळसुद्धा प्रांताबाहेर न्यायची बंदी होती आणि गोंदिया तर तांदळाच्या गिरण्यांचं गाव. त्यामुळे आमचं निम्मं ठाणं तांदूळ पकडण्यातच गुंतलेलं. वरिष्ठांचा तगादा असा, की माणूस सापडला नाही तरी चालेल, पोतं सापडलं पाहिजे.

वैशाखातल्या एका सकाळी मासळीचा एक ठेकेदार ठाण्यात आला. आसपासच्या तलावांची मासळी वर्षानुवर्षं तोच घ्यायचा, स्वतः ठरवलेल्या दराने. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "साहब, आज दुपारच्या मेलनं ढिवरांच्या बारा पेट्या कलकत्त्याला जाऊन राहिल्या. वरून मासोऱ्या दिसतील. खाली हात घालून पाहा, तांदूळ निघेल."

खबर पक्की वाटली. पेट्यांत बर्फ टिकावा म्हणून गिरणीचा कोंडा भरायचे, तेव्हा कोंड्याखाली तांदूळ लपवणं सोपंच. मी स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदार आणि दोन पंच घेतले आणि मालधक्क्याच्या फाटकाजवळ बैलगाड्या अडवल्या.

गाड्यांबरोबर ढिवरांचा, म्हणजे तिकडच्या मासेमारांचा, मुखिया होता. पन्नाशीचा, काटक, उघड्या पायांचा माणूस. सोबत कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याचा मुनीम. तलाव बांधण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजानं पूर्वी बांधलेल्या एका मोठ्या तलावाची ती मासळी होती. मुनीमाने मला हात जोडून समजावलं, की हा माल कलकत्त्याला गोठवून जहाजाच्या थंड कोठीत भरायचा आहे, तिथून तो समुद्रापार जाणार. हा पहिला माल चांगला पोचला तर त्याचा शेठ सगळ्या हंगामाची मासळी थेट ढिवरांकडून घेणार होता. ठेकेदाराची मधली मिरासदारी संपणार होती. हे ऐकल्यावर खबर देणाऱ्याबद्दल मला शंका यायला हवी होती. नाही आली. डोक्यात फक्त पोतं होतं!

पहिली पेटी फोडली. वर रोहू, मध्ये फोडलेला बर्फ, खाली कोंडा. कोंड्यात हात घातला तर कोऱ्या कापडाची पोटली हाताला लागली. चाकूनं कोपरा कापला आणि पांढरा तांदूळ घळाघळा बाहेर आला. मग काय, सगळ्या पेट्या ठाण्याच्या आवारात आणल्या. एकूण एक पेटीत एकेक पोटली निघाली. मुद्देमाल म्हणून त्या बाजूला टाकल्या आणि मुखियाला आत घेतलं.

"तांदूळ कोणाचा?"

"आमाले मालूम नाही जी साहेब. मासोऱ्याच भरल्या आमी."

"मग पोटल्या काय माशांनी गिळल्या होत्या?"

"बाप्पा, मीच तं सगळ्याइले सांगतलं होतं, मासोरीशिवाय पेटीत काही टाकाचं नाही म्हणून. मुनीमजीनं बजावलं होतं ना जी."

त्याचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. पण मला तो बनेलपणा वाटला. दहा वर्षांच्या नोकरीत मला एक घमेंड चढली होती, की खोटं बोलणारा मी नुसता बघून ओळखतो. मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो पडला नाही, ओरडलाही नाही. फक्त म्हणाला, "मारा जी, पण माल जाऊ द्या."

बाहेर मुनीम हवालदाराच्या मागे लागला होता. शेवटी आतच शिरला. "दरोगाजी, बर्फ पिघल रहा है. आदमी रख लीजिए, चावल रख लीजिए, माल छोड़ दीजिए." किती सरळ तोड होती! पंचनामा होता, पोटल्या हातात होत्या, माणूस ताब्यात होता. मासळी अडवून मला काय मिळणार होतं? पण मी कायद्याचा पोपट. जप्त माल सुटत नाही, असं त्याला ठणकावलं.

हवालदार दोनदा आत आला. "साहेब, ह्याची बायको फाटकापाशी उभी हाये. तिले काही सांगाचं हाये म्हणते."

"रडारड नंतर," मी म्हणालो.

त्या काळी आमची रीतच होती तशी. पुरुषांचे जबाब घ्यायचे, बायकांना फाटकाबाहेर ठेवायचं. बाई म्हणजे हातापाया पडणार, असं आम्ही धरूनच चालायचो. ती दोन तास उन्हात उभी होती.

मेल सुटल्याची शिटी ऐकू आली तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर आलो. आवारात बर्फाच्या पाण्याचा चिखल झाला होता आणि माश्या घोंगावत होत्या. बाई फाटकातूनच मोठ्यानं बोलली, "साहेब, तांदूळ मी टाकला. आमी बायाइनं टाकला. त्याले कायले मारता?"

"काऊन टाकला?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"ओटी भरली जी! पोरगी सासरी धाडतो तं ओटी भरतो का नाही? आमच्या तलावाच्या मासोऱ्या पयल्यांदा समिंदरापार चालल्या. रित्या कशा धाडाव? माणसं नाही म्हणत होती, म्हणून ते बर्फ आणाले गेले तवा टाकला."

मी एक पोटली उचलून पूर्ण सोडली. तांदळाच्या तळाशी हळकुंड होतं, सुपारी होती. माझ्या सख्ख्या बहिणीची ओटी भरताना मी पाहिलेली. सकाळी ती पहिली पोटली नुसती कापण्याऐवजी उलगडली असती, तर पाच मिनिटांत गाड्या सुटल्या असत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईला विचारलं, हे आणखी कोणाला माहीत होतं? पोटल्यांचं कोरं कापड तिनं ठेकेदाराच्या भावाच्या दुकानातून घेतलं होतं. एवढं कापड कशाला, असं त्यानं विचारलं, हिनं आनंदानं सांगितलं.

ठेकेदाराला बोलावून आणलं. तो घाबरला तर नाहीच, वर हसला. "मी काय झूट बोललो साहब? तांदूळ निघेल म्हटलं, निघाला." आणि खरंच, त्याच्यावर लावायला माझ्याकडे एकही कलम नव्हतं.

मुखियाला सोडलं. तो पेट्यांपाशी गेला, एक रोहू उचलून त्याचे कल्ले उघडून पाहिले आणि परत ठेवला. वास सुटला होता. संध्याकाळी त्या दोघांनीच आवाराच्या मागे खड्डा खणून मासळी पुरली. मुनीम पुढच्या गाडीनं निघून गेला. जहाज थांबत नाही, असं सांगून गेला. पुन्हा आला नाही. तलाव पुन्हा ठेकेदाराकडे गेला, त्याच जुन्या दराने.

पावसाळ्यानंतर मुखिया मला एका गिरणीत पोती वाहताना दिसला. जाळं विकलं म्हणाला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं पाठीवरच्या पोत्यासकट मला वाकून रामराम केला. त्या रामरामापुढे माझी माफी घशातच राहिली. आजवर राहिली आहे.

पुढे मी कोणत्याही ठाण्यात गेलो तरी फाटकाशी उभ्या असलेल्या बाईला आधी आत बोलावून बसवायचो. त्यातून काही प्रकरणं सुटलीही, शाबासकी मिळाली. पण हे शहाणपण कोणाच्या जिवावर आलं, ते मला माहीत आहे.

त्या दिवशीचा अहवाल माझ्याच हातचा आहे. 'चौकशीअंती आक्षेपार्ह काही आढळले नाही. इसमास सोडले. कोणाचीही तक्रार नाही.' वरिष्ठांनी तत्परतेबद्दल शाबासकीचा शेरा मारला आणि प्रकरण बंद झालं.